परदेशी प्रयोगशाळेसोबत विषाणू संशोधन: पुण्यातून अर्ज करताना

निपाहसारख्या विषाणूवर परदेशी प्रयोगशाळेसोबत काम करायचे, तर नमुने कसे पाठवायचे याआधी ते पाठवायची गरज आहे का, हे ठरवा. पाषाणला एनआयव्हीची, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेची, बीएसएल-४ (सर्वोच्च जैवसुरक्षा पातळीची) प्रयोगशाळा आहे. जी चाचणी इथे होऊ शकते, तिच्यासाठी नमुना बाहेर का न्यायचा, याचे ठोस उत्तर मंजुरीच्या अर्जात हवेच.

अर्ज भारतातल्या मुख्य संशोधकानेच करायचा. परदेशी भागीदाराला तो करता येत नाही. परदेशी निधी किंवा सहभाग असलेला आरोग्य संशोधन प्रकल्प आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीकडे, म्हणजे एचएमएससीकडे जातो. तिचे काम आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, पाहते. सोबत सविस्तर प्रकल्प, अंदाजपत्रक, दोन्ही बाजूंच्या संशोधकांची माहिती, नीतिशास्त्र समितीची मंजुरी आणि कराराचा मसुदा जोडा. विषाणूत जनुकीय बदल करणार असाल, तर संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरीही लागते.

सगळ्यात जास्त वेळ साहित्य हस्तांतरण करारावर, म्हणजे नमुने कोणत्या अटींवर द्यायचे याच्या करारावर, द्या. कोणते नमुने, किती, प्रत्येकी किती मिलिलिटर, कोणत्या चाचणीसाठी, उरलेल्याचे काय, तिसऱ्या संस्थेला देता येतील का, शोधनिबंधावर आणि पेटंटवर हक्क कोणाचा, हे सगळे त्यात स्पष्ट लिहा. प्रकल्पात २०० नमुने आणि करारात २५० असले, की शंका निघणारच. संमतीपत्रात नमुना परदेशी जाईल असे लिहिलेले नसेल, तर पुन्हा नीतिशास्त्र समितीकडे जावे लागते आणि रुग्णांची संमतीही नव्याने घ्यावी लागते. ही चूक फार महागात पडते.

एचएमएससीची मंजुरी म्हणजे निर्यात परवाना नव्हे. धोकादायक सूक्ष्मजीव, विषे आणि त्यांचे काही जनुकीय घटक स्कोमेट यादीच्या, म्हणजे निर्यातीवर नियंत्रण असलेल्या वस्तूंच्या सरकारी यादीच्या, वर्ग २ मध्ये येतात. यादीत नाव असेल तर डीजीएफटीचा (विदेश व्यापार महासंचालनालयाचा) परवाना काढावा लागतो आणि माल घेणाऱ्याकडून अंतिम वापराचे प्रमाणपत्र आणावे लागते.

पॅकिंग तीन थरांचे: नमुन्याची नळी, तिच्याभोवती दुसरा डबा, मग बाहेरचे खोके. विमान वाहतुकीत संसर्गजन्य मालाचे दोन वर्ग असतात, जास्त घातक तो ए, कमी घातक तो बी; यूएन क्रमांक ही त्या मालाची आंतरराष्ट्रीय ओळख. निपाह कोणत्याही रूपात वर्ग ए मध्ये, यूएन २८१४. जपानी मेंदूज्वराचे मात्र फक्त कल्चर (प्रयोगशाळेत वाढवलेला विषाणू) वर्ग ए मध्ये, रुग्णाचा नमुना वर्ग बी मध्ये, यूएन ३३७३. वर्ग ए चे प्रवासी विमानातून एका खोक्यात ५० मिलिलिटरपर्यंतच, मालवाहू विमानातून ४ लिटरपर्यंत पाठवता येते. ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) दुसऱ्या डब्याच्या बाहेर ठेवा आणि वायू निघायला वाट ठेवा. बंद डब्यात कोंडला तर डबा फुटतो.