फुस्स आवाजातली हवा कुठली? सायकलच्या वॉलची पार्श्वभूमी

रविवारी पहाटे कोल्हापुरातून पन्हाळ्याला निघालेले सायकलवाले रंकाळ्यावर जमतात, तेव्हा एक वाद हमखास निघतो. हवा भरून पंपाचं तोंड काढलं की जोरात फुस्स होतं, मग त्यात किती हवा गेली? कुणी भरपाई म्हणून आधीच चार-पाच पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) जास्त मारून ठेवतो. कुणी नळी झटक्यात उपटतो. कुणी खात्री करायला पंप परत लावतो आणि काटा खरोखरच थोडा खाली आलेला दिसतो. झालं, हवा गेली म्हणायची आणि निघायचं.

मला याचं उत्तर लहानपणी गंगावेशीतल्या एका सायकल दुकानात मिळालं होतं. दुकान म्हणजे पत्र्याची टपरी. बाहेर घमेल्यात पाणी आणि लाकडी मुठीचा उभा पंप. हवा मारून झाली की मामा नळी काढायचे, बोटाला थुंकी लावून वॉलच्या, म्हणजे हवा भरायच्या झडपेच्या, तोंडावर पसरायचे आणि खाली वाकून एकटक बघायचे. बुडबुडा फुगला नाही तर टोपी लावायची, फुगला तर वॉलट्यूब, म्हणजे वॉलवरची रबरी नळी, बदलायची. एकदा मी विचारलं, "मामा, आत्ता फुस्स झालं की, हवा गेली न्हवं?" त्यांनी मान वर न करता सांगितलं, "आरं, ती नळीतली हवा. ट्यूबातली गेली असती तर ही थुंकी गप बसली असती व्हय?"

जुन्या काळ्या सायकलीपुरतं हे उत्तर पक्कं होतं. पण आज कोल्हापूरच्या रस्त्यावर तीन जातींचे वॉल एकत्र फिरतात आणि तिघांची हवा धरायची रीत वेगवेगळी आहे. ती तशी का झाली, हे कळायला जरा मागं जावं लागतं.

हवेच्या चाकाचं पहिलं पेटंट रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश माणसाचं, १८४५ सालचं. आत रबर लावलेल्या कापडाची नळी, वर चामड्याचं आवरण, आणि वापर घोडागाडीसाठी. कल्पना चांगली असूनही ती विस्मरणात गेली. बेलफास्टमध्ये जनावरांचा डॉक्टर असलेल्या जॉन बॉइड डनलॉपनं १८८७ मध्ये मुलाच्या तीनचाकीसाठी असंच चाक स्वतःच्या डोक्यानं बनवलं आणि १८८८ मध्ये पेटंट घेतलं. थॉमसनचं जुनं पेटंट पुढं आल्यावर ते टिकलं नाही, पण चाक टिकलं. त्या पहिल्या चाकात डनलॉपनं हवा भरली ती मुलाच्या फुटबॉलच्या पंपानं. तालमीतालमीत फुटबॉल जगणाऱ्या आपल्या गावाला ही गोष्ट जवळची वाटावी.

फुटबॉल आणि टायर यांत एक मोठा फरक होता. त्या काळच्या फुटबॉलमध्ये ब्लॅडर असायचा. फुगवला की त्याचं तोंड दोऱ्यानं आवळायचं, आत दडपायचं आणि वरून चामड्याची लेस ओढायची. सामन्यापुरतं ते चालून जायचं. चाकात मात्र आठवड्यातून दोन-तीनदा हवा भरावी लागते, आणि दर वेळी दोरा सोडत बसणं शक्य नाही. आत जाणाऱ्या हवेला वाट देईल आणि बाहेर येणारीला अडवेल असं दार पाहिजे होतं. टायरच्या इतिहासात या दाराला दोन ओळीसुद्धा मिळत नाहीत, याचं मला वाईट वाटतं. कारण दार नसतं तर चाक प्रयोगाच्या पुढं गेलंच नसतं.

वूड्स या इंग्रजानं बसवलेलं दार आपण सगळ्यांनी हाताळलंय. जगात त्याला वूड्स वॉल, डनलॉप वॉल किंवा इंग्लिश वॉल म्हणतात. आपण नुसतं वॉल म्हणतो. पितळी किंवा लोखंडी छोटा खिळा, आतून पोकळ, खालून बंद, आणि बाजूला टाचणीच्या टोकाएवढं एक भोक. त्यावर पेराएवढी रबरी नळी चढवायची, तीच वॉलट्यूब. वरून हवा आली की ती बाजूच्या भोकातून रबराला फुगवून आत शिरते. ढकलणं थांबलं की ट्यूबमधली हवा तेच रबर भोकावर दाबून धरते. आतली हवाच दाराला कडी घालते.

यात दोन गोष्टी दडल्यात. एक, पंपाला ट्यूबमधल्या हवेशी झगडावं लागतंच, वर रबराची पकडही सोडवावी लागते. म्हणून या वॉलला हवा मारताना हात भरून येतो आणि पंपाचा काटा आत आहे त्याहून जास्त दाखवतो. दुसरी, बाहेरून आतला दाब मोजायची सोय या वॉलला नाही. मामा अंगठ्यानं टायर दाबून बघायचे, कारण दुसरा मार्गच नव्हता. पण याच रचनेमुळं पंपाचं तोंड काढताना ट्यूबमधली हवा बाहेर येत नाही. रबर आधीच बसलेलं असतं. फुस्स होते ती नळीत कोंडलेली हवा.

हा वॉल इकडं आला तो इंग्रजी सायकलींबरोबर. रॅले, बीएसए, हर्क्युलिस या विलायती गाड्यांचा साचाच पुढं देशी कारखान्यांनी उचलला. डनलॉपचा कारखाना हुगळीकाठच्या साहागंजला १९३६ मध्ये सुरू झाला. मद्रासची टीआय सायकल १९४९ ची, सोनिपतची अ‍ॅटलस १९५१ ची, लुधियानाची हिरो १९५६ ची. अठ्ठावीस बाय दीडचा टायर, काळा रंग, दांड्यांचा ब्रेक आणि रिममधून डोकावणारा हा वॉल, सगळं जसंच्या तसं आलं. तो टिकला याचं कारण मला दुरुस्तीत दिसतं. वॉलट्यूब लांबच्या लांब मिळायची, कात्रीनं तुकडा कापला की काम झालं. गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर किटल्या लटकवून येणाऱ्या गवळ्याला शहरभर शोधत फिरायला लागेल असा कुठलाच भाग त्यात नव्हता.

त्याचा दोषही त्या रबरातच. ते नैसर्गिक रबर असतं. उन्हानं कडक होतं, तेल लागलं की फुगून लिबलिबीत होतं. पंपात तेव्हा चामड्याचा वाटीसारखा वायसर असायचा आणि तो सुकू नये म्हणून त्याला तेल पाजायचे. प्रमाणाबाहेर पाजलं की तेच तेल हवेबरोबर नळीतून वॉलट्यूबवर जायचं. मे महिन्यात "रोज हवा उतरते" म्हणून येणाऱ्या सायकलींच्या ट्यूबला मामा पंक्चर शोधायचेच नाहीत, आधी वॉल उघडायचे.

दुसरा वॉल अमेरिकेचा. ऑगस्ट श्रेडर हा जर्मनीतून न्यूयॉर्कला गेलेला कारागीर. १८४४ पासून त्याचा रबरी वस्तूंचा धंदा होता आणि पाण्यात बुडी मारणाऱ्या माणसांच्या शिरस्त्राणांचं कामही तो करायचा. पाण्याखालच्या माणसाला हवा पोचवायची तर झडप चुकून चालत नाही. त्या अनुभवातूनच घराण्याचं लक्ष टायरकडं वळलं आणि १८९३ मध्ये श्रेडर वॉलचं पेटंट झालं. आठ मिलिमीटरची जाड दांडी, आत स्प्रिंगची पिन. आपल्याकडं हा ओळखीचा झाला तो स्कूटर आणि मोटरसायकलींमुळं. म्हणून सायकलीवर दिसला तरी लोक त्याला गाडीचा वॉलच म्हणतात. गिअरच्या, जाड टायरच्या सायकली आल्या तसा तो सायकलीतही पसरला.

तिसरा फ्रान्सचा, प्रेस्टा. एतिएन स्क्लावेरां या फ्रेंच माणसाचं हे काम, तेही १८९० च्याच दशकातलं. तेव्हा फ्रान्सला शर्यतींचं वेड लागलं होतं. १८९१ मध्ये शार्ल तेरॉंनं मिशलॅंच्या, रिमवरून काढता-घालता येणाऱ्या टायरवर पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस हे सुमारे बाराशे किलोमीटरचं अंतर तीन दिवसांच्या आत कापलं. (कोल्हापूर-मिरज रेल्वे सुरू झाली ती याच वर्षी.) शर्यतीची रिम अरुंद, तिला जाड वॉलचं भोक पाडलं तर ती कमजोर होते. प्रेस्टाची दांडी सहाच मिलिमीटरची. आत स्प्रिंग नाही, दार बंद ठेवायचं काम हवेच्या दाबाचं, आणि वर हातानं आवळायची चिमुकली नट.

आता पंपाच्या तोंडाकडं येऊ, कारण हवा जाते की नाही हे वॉल आणि तोंड यांच्या जोडीवर ठरतं. प्रेस्टा आणि आपला जुना वॉल यांना पंपानं उघडावं लागत नाही, हवेच्या जोरानं ते आपोआप उघडतात. श्रेडरची पिन मात्र पंपाच्या तोंडातला खिळा दाबून धरतो. पंप लावलेला असेपर्यंत ट्यूब आणि नळी एकच असतात. म्हणूनच आतला दाब काट्यावर नीट दिसतो, आणि म्हणूनच श्रेडरची हवा खरोखर जाऊ शकते. खटका असलेलं तोंड झटक्यात सुटतं, पिन तितक्याच झटक्यात वर येते, नुकसान नगण्य. आट्यांवर फिरवून लावायची नळी असेल तर मात्र आटे सैल होत असताना पिन दाबलेलीच राहते आणि तेवढा वेळ ट्यूबच रिकामी होत असते. तिथं हात भरभर चालवणं एवढाच उपाय.

फुस्स आवाजाचा हिशेब मांडून बघा. नळी एक मीटर, आतलं भोक पाच मिलिमीटर, म्हणजे तिच्यात सुमारे २० घन सेंटिमीटर जागा. शंभर पीएसआयला कोंडलेली तेवढी हवा मोकळी झाली की जवळपास १४० मिलिलिटर जास्तीची हवा बाहेर पडते. एक कपभर हवा एका क्षणात सुटल्यावर आवाज होणारच. ती ट्यूबमधली नव्हतीच.

मग परत पंप लावल्यावर काटा का उतरतो? कारण नळी आता रिकामी आहे आणि श्रेडर असेल तर ती ट्यूबच्या हवेनं भरते. ७०० बाय ३२ च्या टायरमध्ये साधारण दीड-पावणेदोन लिटर जागा. सत्तर पीएसआयला एवढी नळी भरायला जवळपास एक पीएसआय खर्ची पडतो, आणि तोंड नीट बसायच्या आधीच पिन दाबली गेली तर त्याहून जास्त. म्हणजे हवा गेली ती तपासायला गेल्यामुळं गेली. प्रेस्टात पंप लावल्यावर काटा शून्यावरच राहतो, पहिले दोन-चार दांडे मारल्यावर तो आतल्या दाबाला येऊन पोचतो. नवखा माणूस शून्य बघून घाबरतो आणि टायर सपाट झाला म्हणून हापशासारखा पंप मारत सुटतो.

प्रेस्टाचा खरा धोका वेगळा आहे आणि तो मी वाघबिळाच्या चढावर भोगलाय. पंक्चर काढलं, खिशातल्या छोट्या पंपानं दीड-दोनशे दांडे मारले, आट्यांची नळी उलटी फिरवली. नळीबरोबर वॉलचा आतला गाभाच फिरून बाहेर आला आणि टायर एका श्वासात बसला. हा गाभा बहुतेक ट्यूबमध्ये सुटा असतो, पान्यानं आवळलेला नसेल तर नळी त्याला घेऊनच निघते. दंडात गोळे आले होते. गाभा परत बसवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आणि रात्रीतून उतरणारी हवा? तिचा पंपाशी काहीच संबंध नाही. रबर हवेला पूर्ण अडवतच नाही. जुन्या नैसर्गिक रबराच्या ट्यूबमधून ती सतत झिरपायची. अमेरिकेत १९३७ मध्ये स्टँडर्ड ऑइलच्या प्रयोगशाळेत ब्यूटाइल रबर तयार झालं आणि झिरपणं कितीतरी पटींनी कमी झालं. तरी बारीक टायरमध्ये दाब जास्त आणि हवा थोडी, त्यामुळं आठवड्यानं फरक हाताला कळतोच. जाड टायर तेवढंच झिरपून महिनाभर तग धरतो.

पेट्रोल पंपावरच्या कॉम्प्रेसरचं तोंड गाडीच्या वॉलसाठी बनलंय. प्रेस्टाला त्यावर अ‍ॅडॉप्टर लागतो. जुन्या वॉलवर ते बसत नाही, आणि कसंबसं धरून ठेवलं तरी त्याच्या काट्याला ट्यूबमधला दाब कळत नाही. त्यामुळं गंगावेशीतल्या त्या टपरीत आता मामांचा मुलगा बसतो, आत कॉम्प्रेसर आहे, पण दाराशी लाकडी मुठीचा पंप तसाच उभा आहे. गवळ्याची काळी सायकल आली की तो पंपच ओढतो, आणि नळी काढल्यावर बोटाला थुंकी लावून वाकून बघतो.