पेरूच्या सालीखालचं बिऱ्हाड

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमच्या अंगणात जुना पेरू आहे. मागच्या हिवाळ्यात त्याच्या बेचक्यात तपकिरी, भुशासारख्या जाळीचे पट्टे दिसू लागले. बाबांनी फवारणीचं औषध पाण्यात कालवून ब्रशनं सगळ्या खोडाला फासलं. आठवड्याभरात जाळी पुन्हा ताजी! औषध वाया गेलं, आणि ते जाणारच होतं.

ही जाळी साल खाणाऱ्या अळीची, शास्त्रीय नाव इंदरबेला. हिचा पतंग उन्हाळ्याच्या अखेरीस सालीच्या भेगांत अंडी घालतो. अळी नऊ-दहा महिने झाडावर मुक्काम ठोकते. दिवसभर लाकडात कोरलेल्या बिळात बसायचं आणि रात्री साल कुरतडायला निघायचं. तेही उघड्यावर नाही. विष्ठा, सालीचा चुरा आणि रेशमाचे धागे यांचं छप्पर विणून ती त्याच्या आडून खाते. बाबांचं औषध त्या छपरावर वाळलं, अळी आत सुखरूप.

सालीतून औषध आत मुरत नाही का? बाहेरची साल मेलेल्या, बुचासारख्या पेशींची असते. झाडातलं पाणी बाहेर उडू नये म्हणून असलेली ही तटबंदी बाहेरचं पाणीही सहज आत घेत नाही. डायनोटेफ्युरान हे कीटकनाशक अपवादापैकी एक. लिटरभर पाण्यात ते सुमारे ४० ग्रॅम विरघळतं, आणि सालीतून शिरून रसाबरोबर चढतं. अमेरिकेत महारुखाच्या जातीच्या झाडांवर लँटर्नफ्लाय या किडीसाठी ते बुंध्यावर फवारतात. पण त्या झाडाची फळं कुणी खात नाही. पेरूच्या बुंध्याला असलं काही लावायला माझा ठाम विरोध आहे.

आम्ही मग जाळी खरवडली, तेव्हा बीळ दिसलं. तारेनं अळी ओढून काढली, रॉकेलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा आत सारला आणि तोंड ओल्या मातीनं लिंपलं. एका बिळात एकच अळी असते, त्यामुळे बिळं मोजली की काम किती ते कळतं. मात्र चालढकल करू नये. आतल्या जिवंत सालीतूनच पानांचं अन्न मुळांकडे जातं; ती फांदीभोवती कुरतडली गेली, तर फांदी वाळते.

आंब्यावरच्या पिठ्या ढेकूण या किडीची गोष्ट वेगळी. त्याची अंडी बुंध्याजवळच्या मातीत असतात. डिसेंबर-जानेवारीत पिल्लं बाहेर पडतात आणि खोडावरून चढू लागतात. इथे साल हीच त्यांची वाट. जमिनीपासून फूट-दीड फुटावर ४०० गेज जाडीच्या प्लास्टिकची वीतभर रुंद पट्टी घट्ट गुंडाळायची आणि खालच्या कडेला ग्रीस लावायचं. गुळगुळीत प्लास्टिकवर पिल्लांचे पाय टिकत नाहीत. पट्टी पिल्लं निघण्याआधी हवी, म्हणून आम्ही ती मार्गशीर्ष लागताच बांधतो.