सालीचा रंग आणि फळाचा हंगाम : ताज्या लिंबूवर्गीय फळांच्या बाजाराची पार्श्वभूमी

हंगामातले ताजे संत्रे किंवा मोसंबी निवडताना बहुतेकांची नजर आधी सालीवर जाते; केशरी साल म्हणजे पिकलेले फळ आणि हिरवी साल म्हणजे कच्चे, हा हिशेब इतका अंगवळणी पडला आहे की तो निसर्गाचाच नियम वाटतो. प्रत्यक्षात तो बाजाराने घडवलेला नियम आहे. त्यामागे गेल्या सव्वाशे वर्षांतील वाहतूक, रसायनशास्त्र आणि न्यायालयीन वाद यांचा गुंता असल्यामुळे हे टिपण मुख्यतः त्याच काळाविषयी आहे.

या फळांचे मूळ हिमालयाच्या आग्नेय पायथ्यापासून आसाम, उत्तर म्यानमार आणि पश्चिम युन्नानपर्यंतच्या पट्ट्यात असावे, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून पुढे आले. महाळुंग, पपनस आणि मँडरीन या आद्य फळांच्या संकरांतून आज बाजारात दिसणारी बहुतेक फळे निर्माण झाली. मराठीत आपण ज्याला संत्रे म्हणतो ते सैल सालीचे मँडरीन होय आणि मोसंबी ही पपनस व मँडरीन यांच्या संकरातून आलेल्या गटातली आहे; जागतिक व्यापारातले ‘ऑरेंज’ बहुतांशी या दुसऱ्या गटातले असते. संस्कृतातील ‘नारंग’ हा शब्द फारसी आणि अरबीमार्गे युरोपात पोहोचला तो आंबट नारिंगासोबत. गोड फळाचा तिथला प्रसार पंधराव्या-सोळाव्या शतकातला असून त्यात पोर्तुगीज व्यापाऱ्यांचा वाटा मोठा होता, म्हणूनच अरबी, तुर्की आणि ग्रीक या भाषांत या फळाचे नाव आजही पोर्तुगालवरून पडलेले आहे. १७४७ मध्ये एका ब्रिटिश जहाजावर स्कर्व्ही झालेल्या १२ खलाशांवर निरनिराळे उपाय करून पाहिले गेले आणि त्यांपैकी रोज दोन संत्री व एक लिंबू मिळालेले दोघे सर्वांत लवकर बरे झाले, ही हकिगत सर्वपरिचित आहे.

सालीचा प्रश्न पुढे आला तो फळ दूरच्या बाजारात जाऊ लागल्यावर. ब्राझीलमधील बाहिया येथील बिनबियांच्या नेव्हल जातीची कलमे १८७० मध्ये अमेरिकेत आणि तिथून १८७३ मध्ये कॅलिफोर्नियात पोहोचली. नेव्हल हिवाळ्यात आणि व्हॅलेन्सिया ही उशिराची जात उन्हाळ्यात तयार होत असल्याने दोहोंच्या आधारे जवळजवळ वर्षभर तोडणी करता येऊ लागली. रेल्वेने हे फळ अशा शहरांत नेले जिथल्या ग्राहकाने त्याचे झाड कधी पाहिलेले नव्हते, आणि अशा ग्राहकाला पारख करायला सालीखेरीज दुसरे साधन नव्हते.

इथे फळाच्या स्वभावाचा मुद्दा महत्त्वाचा ठरतो. आंबा किंवा केळे यांच्यात पिष्टाचा साठा असतो आणि तोडल्यावर त्याची साखर होते, म्हणून ती फळे अढीत पिकतात. लिंबूवर्गीय फळांत असा साठा नसतो; ती झाडावर जेवढी गोड झाली तेवढीच गोड राहतात, साठवणीत फार तर त्यांची आम्लता थोडी उतरते. सालीचा केशरीपणा हा मात्र बराचसा हवामानाचा परिणाम आहे. रात्री गार होऊ लागल्या, तापमान साधारण १३ अंश सेल्सिअसच्या खाली उतरू लागले, की सालीतील हरितद्रव्य ओसरते आणि त्याखालचा पिवळा-केशरी रंग उघडा पडतो. म्हणूनच विषुववृत्ताजवळच्या उष्ण प्रदेशांत पूर्ण पिकलेले, रसाने भरलेले फळही हिरवेच राहते.

विसाव्या शतकाच्या आरंभी कॅलिफोर्नियातील बागायतदार फळे रॉकेलच्या शेगड्या पेटवलेल्या बंद खोल्यांत ठेवत आणि काही दिवसांत साल पिवळी होई. श्रेय उष्णतेला दिले जात होते. १९१२ च्या सुमारास असे दिसून आले की काम उष्णता करत नसून धुरातील वायू करतात, आणि १९२४ मध्ये तो वायू एथिलीन असल्याचे निश्चित झाले. आजही दहा लाख भागांत एक ते दहा भाग एवढ्या अल्प एथिलीनने, दमट आणि उबदार खोलीत हीच प्रक्रिया केली जाते. ती फक्त सालीवर चालते, आतल्या फोडींच्या गोडीत तिने काही भर पडत नाही. साहजिकच कच्चे फळ पिवळे करून विकण्याचा मोह झाला; १९११ मध्येच अमेरिकी सरकारने अशा विक्रीला भेसळ ठरवले, आणि पुढच्या काही वर्षांत रसातील विद्राव्य घटक (मुख्यतः साखर) व आम्ल यांचे ८:१ हे प्रमाण पक्वतेची कसोटी म्हणून रूढ झाले. माझ्या मते या क्षेत्रातला हा सर्वांत प्रामाणिक नियम होता, कारण त्याने प्रथमच सालीऐवजी रसाला प्रश्न विचारला.

परंतु खरा वाद रंगाचा झाला, आणि त्याला अधिक जागा देणे भाग आहे. फ्लोरिडाच्या ओलसर, उबदार हवेत फळ रसाळ आणि गोड होत असले तरी साल फिकट किंवा हिरवट राहते. तिथल्या बागायतदारांनी पक्वतेच्या कसोटीला उतरलेल्या फळांच्या सालीला रंग देण्यास सुरुवात केली आणि तशी फळांवर नोंदही केली. १९३८ च्या अमेरिकी कायद्यानुसार खाद्यपदार्थांत वापरायचा डांबरजन्य (कोळशाच्या डांबरापासून बनवलेला कृत्रिम) रंग ‘निरुपद्रवी’ असणे आवश्यक होते. संत्र्यांसाठी वापरला जाणारा लाल रंग प्राण्यांवरील चाचण्यांत अपायकारक आढळल्याने १९५५ मध्ये तो मान्य रंगांच्या यादीतून काढण्यात आला. बागायतदारांचा युक्तिवाद असा होता की साल कोणी खात नाही आणि रंगाचे प्रमाण नगण्य असते, तेव्हा ठरावीक मर्यादेपर्यंत तो चालू द्यावा. त्यांच्यासाठी १९५६ मध्ये कायद्याने तात्पुरती सवलतही देण्यात आली, मात्र डिसेंबर १९५८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की जो रंग निरुपद्रवी नाही त्याला अल्प प्रमाणाची मर्यादा घालून परवानगी देण्याचा अधिकार कायद्याने प्रशासनाला दिलेलाच नाही. निर्णय नेमका होता, पण तो टिकला नाही असेच म्हणावे लागेल. १९५९ च्या सुमारास सिट्रस रेड क्रमांक २ हा दुसरा रंग मान्य झाला, आणि १९६० च्या दुरुस्तीने प्रमाणाची मर्यादा घालण्याची तरतूदच कायद्यात आली. हा रंग संपूर्ण फळाच्या वजनाच्या दहा लाख भागांत दोन भागांपर्यंत आणि प्रक्रियेसाठी न जाणाऱ्या फळांच्या सालीवरच वापरता येतो. पुढे कर्करोगविषयक आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्याची गणना मानवाला कर्करोगकारक असण्याची शक्यता असलेल्या पदार्थांत झाली, तरी परवानगी कायम राहिली. एप्रिल २०२५ मध्ये ती मागे घेण्याची प्रक्रिया सुरू करणार असल्याचे जाहीर झाले. साल किसून पदार्थांत घालणारे किंवा तिचा मुरंबा करणारे लोक त्या मूळ युक्तिवादात कुठेच नव्हते, ही बाब मला आजही खटकते.

दरम्यान हंगामाची कल्पनाही सैल झाली. शीतगृहे आणि दक्षिण गोलार्धातून होणारी आयात यांमुळे फळ बाराही महिने दिसू लागले. धुताना फळाचे नैसर्गिक मेण निघून जाते, म्हणून त्यावर कार्नोबा (एका ताडवर्गीय झाडाचे मेण) किंवा लाखेचे लेपन होते. बुरशी रोखणारी रसायनेही अनेकदा त्यासोबतच येतात. लिंबू आणि पपनस थंडीला हळवे असल्याने फार गार साठवणीत त्यांच्या सालीवर डाग पडतात. मोसंबी-गटातील फळे मात्र त्याहून अधिक थंडी सहन करतात.

गेल्या वीस वर्षांत या सर्वांवर सावली पडली आहे ती हुआंगलाँगबिंग या जिवाणूजन्य रोगाची. तो २००४ मध्ये ब्राझीलमध्ये आणि २००५ मध्ये फ्लोरिडात आढळला, आणि २००३-०४ मध्ये सुमारे २४ कोटी खोकी संत्री पिकवणाऱ्या फ्लोरिडाचे उत्पादन नव्वद टक्क्यांहून अधिक घटले. रोगट फळ वेडेवाकडे, कडवट आणि बुडाशी हिरवे राहते. त्यामुळे इंग्रजीत या रोगाला ‘ग्रीनिंग’ म्हणतात, तर एथिलीनच्या प्रक्रियेला ‘डीग्रीनिंग’. या दोन शब्दांचा परस्परांशी काही संबंध नसूनही गोंधळ नेहमी होतो, आणि हिरव्या सालीविषयीचा संशय त्याने आणखी घट्ट होतो.

खरेदी करताना म्हणूनच रंगापेक्षा वजनाला अधिक महत्त्व द्यावे. आकाराच्या मानाने जड लागणारे फळ रसाळ असते, आणि मोसंबी-गटात घट्ट, बारीक छिद्रांची साल चांगली. सैल सालीच्या संत्र्यात साल आणि फोडी यांमध्ये मोठी पोकळी जाणवत असेल तर ते फळ झाडावर किंवा साठवणीत जास्त दिवस राहिलेले असते. देठाची चकती हिरवी आणि घट्ट असेल तर फळ बहुधा नुकते तोडलेले असते. व्हॅलेन्सियासारखे फळ उन्हाळ्यापर्यंत झाडावर ठेवले तर हवा तापताच देठाकडून त्याची साल पुन्हा हिरवी होऊ लागते. त्या वेळी फळात साखर भरपूर आणि आम्ल कमी असते, तरीही बाजारात मांडलेल्या राशीतून ग्राहक नेमके हेच फळ बाजूला सारतो.