निर्धूर चूल व बंब (बेळगाव सीमाभाग)

निर्धूर चूल : बंदिस्त जळणघरात लाकूड, शेणी किंवा पिकांचे काड जाळून भांड्यांना उष्णता देणारी आणि उरलेला धूर धुराड्यावाटे घराबाहेर काढणारी चूल. खानापूर, बेळगाव, हुक्केरी, चिकोडी व निपाणी तालुक्यांच्या मराठी पट्ट्यात तिचा विचार न्हाणीतली चूल व अंघोळीचे पाणी तापवणारा तांब्याचा बंब यांच्यासह करावा लागतो. घरात गॅस आला की स्वयंपाकाचे जळण घटते. अंघोळीचे पाणी मात्र अनेक घरी लाकडावरच तापते, आणि धूर कमी करण्याच्या योजनांनी नेमके तेच बाजूला ठेवले.

पूर्वपीठिका : भारतातील पहिली निर्धूर चूल कोणती, याचे उत्तर ‘पहिली’ कशाला म्हणायचे यावर ठरते. वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने तयार केलेल्या मगन चुलीला बहुतेक लेखनात १९४७ हे वर्ष दिलेले आढळते. संघाची स्थापना १९३४ ची आहे व सुधारित ग्रामीण साधनांचे काम तेथे तेव्हापासून चालू होते. त्यामुळे १९४७ हे निर्मितीपेक्षा प्रसाराचे वर्ष मानणे अधिक सुरक्षित वाटते. दुसरे मत हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत एस. पी. राजू यांनी विकसित केलेल्या चुलीला अग्रमान देते. तिची माहिती १९५३ च्या सुमारास प्रसिद्ध झाली व धुराड्याच्या ओढीचा (तापलेला धूर वर खेचून घेण्याचा) अभियांत्रिकी विचार तीत ठळक आहे. या दोन्ही चुलींचा भर स्वयंपाकघर धूरमुक्त करण्यावर होता. जळणबचतीचा काटेकोर हिशेब पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत झाला. तेथे अमूल्य रेड्डी यांच्या पुढाकाराने १९७४ मध्ये ‘अस्त्र’ हा ग्रामीण तंत्रज्ञान विभाग सुरू झाला आणि त्यातून तीन भांड्यांची ‘अस्त्र ओले’ (कन्नडमध्ये ओले म्हणजे चूल) आली. सीमाभाग कर्नाटकात असल्याने सरकारी प्रसाराच्या दृष्टीने हीच परंपरा येथे जवळची ठरते. पुण्याच्या ‘आरती’ (अ‍ॅप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट) या संस्थेचे चुलींचे काम महाराष्ट्राच्या बाजूचे होय. केंद्र सरकारचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३ च्या सुमारास प्रायोगिक रूपात सुरू झाला, १९८० च्या दशकाच्या मध्यापासून देशभर विस्तारला व २००२ मध्ये थांबला.

धूर का होतो : धूर म्हणजे न जळलेले जळण. लाकूड तापले की त्यातून वायू सुटतात. पुरेशी उष्णता व हवा मिळाली तर ते ज्योतीत जळतात, नाही तर काजळी, डांबर व कार्बन मोनॉक्साइड होऊन निघून जातात. ओल्या लाकडात उष्णतेचा मोठा वाटा आधी पाणी उकळण्यात जातो. वजनाच्या निम्मे पाणी असलेल्या एक किलो ताज्या लाकडातून उपयोगी पडू शकणारी उष्णता सुमारे ८ मेगाज्यूल, तर १५ टक्के ओल असलेल्या तेवढ्याच लाकडातून सुमारे १५ मेगाज्यूल मिळते. म्हणून चूल बदलण्याआधी जळण वाळवणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय.

खानापूर तालुक्यातील जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात हे विशेष लागू पडते. लाकूड जानेवारीपर्यंत तोडून मनगटापेक्षा बारीक फोडावे. दगडांवर वीतभर उंच रचावे. छप्पर फक्त वर असावे, बाजू वाऱ्याला मोकळ्या ठेवाव्यात. ताडपत्रीने सगळीकडून झाकलेल्या राशीत ओल कोंडते व बुरशी धरते. मृगाआधी कोरडा साठा पडवीत घ्यावा. वाळलेल्या ढलप्या एकमेकींवर आपटल्या की खणखणतात आणि त्यांच्या टोकांना भेगा दिसतात. पेटवणासाठी प्लॅस्टिकच्या पिशव्या, टायरचे तुकडे किंवा रंगवलेले लाकूड वापरू नये. त्यांचा धूर लाकडाच्या धुराहून विषारी असतो.

रचना व बिघाड : वारुळाची माती, शेण व भाताचे तूस मिसळून चूल घडवतात. जळणाखाली लोखंडी जाळी व तिच्याखाली राखेची मोकळी जागा असते; राख साचली की खालून हवा बंद होते व धूर तोंडातून उलटतो. जाळीपासून पहिल्या भांड्याच्या बुडापर्यंत साधारण १५ ते २० सेंमी. अंतर असते. मागच्या वैलाखाली (दुसरे भांडे ठेवण्याच्या तोंडाखाली) मातीचा उंचवटा ठेवतात, म्हणजे तापलेले वायू भांड्याच्या बुडाला घासून धुराड्याकडे जातात. धुराड्याचा आतील व्यास ३ ते ४ इंच असतो. त्याचे टोक आढ्यापेक्षा किमान २ फूट वर न्यावे, नाही तर कौलांवरून उतरणारा वारा धूर परत ढकलतो. टोपी नसेल तर पावसाचे पाणी नळातून उतरून चुलीची माती फुगवते. अ‍ॅस्बेस्टॉसचा नळ कापताना घातक तंतू उडतात. पत्र्याचा किंवा भाजक्या मातीचा नळ बरा.

सर्वाधिक बिघाड भांड्यांमुळे होतो. वैल एका पातेल्याच्या मापाने घडवलेला असतो. त्यावर लहान पातेले ठेवले की फटीतून धूर घरात येतो व ओढ तुटते. मोठे ओंडके बसावेत म्हणून जळणघराचे तोंड फोडून रुंद केले की जादा थंड हवा शिरते आणि चूल जुन्या चुलीसारखीच वागू लागते. भाकरीचा प्रश्न वेगळा : ती तव्यावरून काढून निखाऱ्यांसमोर फुगवायची असते आणि बंद चुलीत ती जागाच नसते. यासाठी तोंडाशी वीतभर ओटा ठेवून शेवटी निखारे त्यावर ओढावेत. निखाऱ्यांना धूर नसला तरी कार्बन मोनॉक्साइड असतो, म्हणून त्या वेळी दार उघडे हवे. धुराडे महिन्यातून एकदा तरी काथ्याच्या कुंचल्याने झाडावे लागते. ओडिशातील सुधारित चुलींच्या दीर्घ चाचणीत पहिल्या वर्षानंतर धूर कमी होण्याचा लाभ मावळला, त्याचे मुख्य कारण देखभाल व वापरातील घट हे होते.

बंब : मध्ये उभी नळी, भोवती पाणी व तळाशी जाळी. उघड्या हंड्यापेक्षा त्यात उष्णता कमी वाया जाते. २० लिटर पाणी ४० अंशांनी तापवायला सुमारे ३.३५ मेगाज्यूल लागतात. पंधरा टक्के उष्णताच पाण्यात गेली तर दीड किलो कोरडे लाकूड लागते. चाळीस टक्के गेली तर सुमारे ५५० ग्रॅम. मात्र नळीच्या भिंती पाण्याने थंड राहत असल्याने ज्योत तिथे विझते व डांबर चिकटते. त्यामुळे बंबात बोटाएवढ्या कोरड्या चिपा, करवंट्या किंवा कणसांची बुरकुंडे थोडी थोडी टाकावीत. ठासून भरल्यास सुरुवातीची दहा मिनिटे नुसता धूर येतो. नळी आठवड्याला घासावी. पाणी संपलेला बंब पेटता ठेवल्यास सांध्यांचे डाग (जोडाचा धातू) वितळून तो गळू लागतो. न्हाणी बंद असेल तर नळीवर पत्र्याचे धुराडे चढवून भिंतीबाहेर काढणे आवश्यक आहे.

मर्यादा : धुराडे धूर बाहेर नेते, नाहीसा करत नाही. हिवाळ्याच्या सकाळी थंड हवेचा थर जमिनीलगत बसतो तेव्हा दाट वस्तीतला न्हाण्यांचा धूर शेजारच्या घरांत शिरतो. उचलून नेता येणाऱ्या चुलींसाठीच्या २०१३ च्या भारतीय मानकात नैसर्गिक ओढीच्या चुलीला किमान २५ टक्के व पंख्याच्या चुलीला ३५ टक्के कार्यक्षमता अपेक्षित आहे. मातीत बांधलेल्या चुली त्याच्या कक्षेत येत नाहीत. पूर्वेकडील कोरड्या भागात सौर बंब वर्षाचे बहुतेक महिने अंघोळीचे पाणी देऊ शकतो. खानापूरच्या घाटकडेला जून ते सप्टेंबर तो अपुरा पडतो व लाकडाचा बंब जोडीला ठेवावा लागतो.