दाताला ‘कीड’ लागते, पण किडा कुठे असतो?

‘दाताला कीड लागली’ म्हणता म्हणता आपल्याला आत खरोखरच एखादा किडा वळवळताना दिसू लागतो. बियांची धुरी देऊन दाढेतले किडे ‘पाडून’ दाखवणाऱ्यांचं फावतं ते इथेच. वाटीत पडतात ते त्या बियांचेच कोंब! पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने अठराव्या शतकातच सूक्ष्मदर्शकाखाली हे किडे शोधले होते. एकही सापडला नाही.

दात पोखरतं ते आम्ल. दातांवरच्या चिकट थरातले जिवाणू साखर खातात आणि आम्ल सोडतात. एनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण आवरण, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असतं, हायड्रॉक्सीॲपटाइट नावाचं. सामू (pH, जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली उतरला की ते विरघळू लागतं. मग लाळ आम्लाचा जोर मोडते आणि आपल्याजवळचं कॅल्शियम-फॉस्फेट परत भरते. एनॅमल घडवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येईपर्यंत संपलेल्या असतात, त्यामुळे ही डागडुजी निव्वळ रसायनाच्या भरवशावर चालते.

टूथपेस्टमधलं फ्लोराइड नेमकं इथे कामी येतं, आणि मला त्याची गंमत वाटते ती भूमितीमुळे. ॲपटाइटच्या स्फटिकात तीन-तीन कॅल्शियमचे त्रिकोण एकावर एक रचलेले असतात. मधून बोगदा जातो आणि त्यात हायड्रॉक्सिल, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या, बसतात. पण हायड्रॉक्सिलला हायड्रोजनचं शेपूट असतं, म्हणून ते त्रिकोणाच्या पातळीत न मावता जरा वर किंवा खाली सरकतं. फ्लोराइडला शेपूट नाही. ते बरोबर मध्यभागी बसतं, तिन्ही कॅल्शियमपासून सारख्या अंतरावर, आणि पकड घट्ट होते. शिवाय आम्लातला हायड्रोजन हायड्रॉक्सिलला पकडून त्याचं पाणी करतो. फ्लोराइड मात्र एवढ्याशा आम्लाला सहसा बधत नाही. म्हणून फ्लोरॲपटाइट, म्हणजे फ्लोराइड बसलेलं ॲपटाइट, विरघळायला सामू ४.५ च्या आसपास उतरावा लागतो. अख्खा स्फटिक बदलायचीही गरज नाही, वरचा पातळ थर पुरतो.

पेस्टमध्ये दहा लाख भागांत साधारण १००० ते १५०० भाग फ्लोराइड असतं. त्यातलं थोडं कॅल्शियम फ्लोराइडच्या कणांच्या रूपात दातावर चिकटून राहतं आणि पुढच्या आम्लहल्ल्याच्या वेळी सुटतं. घासून झाल्यावर खळखळून चुळा भरल्या की हा साठा कमी होतो. नुसतं थुंकावं. अगदी लहान मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट बस्स, कारण ती गिळतात आणि जास्त फ्लोराइड पोटात गेलं तर पुढे येणाऱ्या दातांवर डाग पडतात. कोळशाच्या काळ्या पेस्टचं म्हणाल, तर कोळसा घासतो, भरत काहीच नाही.

पडलेला खड्डा मात्र कुठलीही पेस्ट बुजवत नाही. सावरता येतो तो त्याआधीचा टप्पा. दात हवेने कोरडा केला की खडूसारखा पांढरट डाग दिसतो. तिथलं खनिज पृष्ठभागाखालून गेलेलं असतं, वरची पापडी अजून शाबूत असते. म्हणूनच जाणकार दंतवैद्य त्या डागात अणकुचीदार हत्यार खुपसत नाहीत. पापडी फुटली की खनिज परत भरायला आधारच उरत नाही.