गुडघेदुखी आणि फोनवरचा फिजिओ

फिजिओथेरपी म्हटलं की आपल्याकडे अजूनही पडदा लावलेली खाट, गुडघ्यावर फिरणारं अल्ट्रासाऊंडचं यंत्र आणि घरी परतल्यावरचा "आज मशीन लावलं का?" हा प्रश्न, एवढंच आठवतं. त्यामुळे फिजिओ फोनवर भेटणार म्हटल्यावर पहिली शंका हीच येते, की मग मशीन कोण लावणार? गंमत अशी, की गुडघ्याच्या झिजेत म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये त्या मशीनवाचून फारसं काही अडत नाही. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या 'नाइस' या संस्थेने 2022 साली स्पष्टच सांगितलं, की अल्ट्रासाऊंड, टेन्स (त्वचेवरून सौम्य वीजप्रवाह देणं) वगैरे विद्युत उपचारांच्या फायद्याचा पुरेसा पुरावा नाही, ते देऊ नयेत. पहिला मान दिला तो व्यायामाला. आणि व्यायाम तर रुग्णालाच करायचा असतो.

व्यायामच का, हे गुडघ्याच्या आत डोकावल्यावर कळतं. हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत अस्तराला, म्हणजे कूर्चेला, रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवातून होतं आणि सांधा हलला, त्यावर भार पडला-उतरला, की तो द्रव कूर्चेत खेळता राहतो. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. गुडघ्यात सूज आली की तिथल्या संवेदी नसा मज्जारज्जूपर्यंत निरोप पोचवतात आणि मांडीच्या पुढच्या स्नायूला, क्वाड्रिसेप्सला, मिळणारे आदेशच कमी होतात. बाई मनापासून जोर लावते, पण स्नायू पूर्ण आवळला जात नाही. घरचे म्हणतात, "अंग चोरते". अंग चोरत नसते बिचारी. मग जिना टाळला जातो, मांडी बारीक होते आणि सगळा भार त्याच सांध्यावर येतो.

हे उलटवायला वेळ लागतो. सुरुवातीच्या काही आठवड्यांत वाढते ती मुख्यतः नसांची स्नायूला कामाला लावण्याची क्षमता. स्नायू भरायला दीड-दोन महिने जातात. नेमका याच काळात बहुतेकांचा उत्साह संपतो. म्हणून मला वाटतं, दूरच्या फिजिओचं खरं काम व्यायाम दाखवण्यापेक्षा तो टिकवण्याचं आहे. दाखवणारे व्हिडिओ फुकट ढिगाने पडलेत. मागच्या आठवड्यात किती दुखलं हे विचारून आज दहाचे बारा करायचे की दहाचे आठ, हे मात्र व्हिडिओ ठरवत नाही.

याचा कस ऑस्ट्रेलियात चांगला लावला गेला. मेलबर्न विद्यापीठातल्या किम बेनेल आणि राणा हिनमन यांच्या गटाने 2017 साली 148 जणांवर चाचणी घेतली. एका गटाला फक्त इंटरनेटवरची माहिती दिली. दुसऱ्याला त्याशिवाय वेदनेला तोंड कसं द्यावं याचा ऑनलाइन कार्यक्रम आणि तीन महिन्यांत स्काइपवरून फिजिओच्या सात भेटी दिल्या. दुसऱ्या गटाचं दुखणं जास्त कमी झालं, हालचाल जास्त सुधारली. मग प्रश्न उरला समोरासमोरच्या भेटीशी तुलनेचा. त्याचं उत्तर 2024 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं. 394 जण, तीन महिन्यांत पाच भेटी, काहींच्या दवाखान्यात आणि काहींच्या व्हिडिओवर. शून्य ते दहाच्या मापावर वेदना दोन्हीकडे सुमारे तीन अंकांनी उतरल्या. या दुसऱ्या चाचणीत उपचार न घेणारा गट नव्हता, तेव्हा ते तीनही अंक फिजिओच्या खात्यावर जमा करू नयेत. दुखणं कळसाला असतानाच माणूस उपचार शोधतो आणि त्यातलं थोडं आपसूकही उतरतं. पण तुलनेचा निकाल त्याने बदलत नाही. शिवाय इथे भेटी पाचच होत्या. आपल्याकडे रोज दहा-पंधरा दिवस 'सिटिंग' घेणाऱ्यांनी हा आकडा दोनदा वाचावा.

गुडघा बदलल्यानंतरच्या व्यायामांचंही असंच दिसलं. कॅनडातल्या क्यूबेकमध्ये 205 रुग्णांवर झालेल्या चाचणीत घरी येणाऱ्या फिजिओपेक्षा व्हिडिओवरचा फिजिओ कमी पडला नाही.

कॅमेऱ्यातून नक्की काय दिसतं? 2017 च्या एका आढावा-अभ्यासानुसार सूज, सांधा किती वाकतो, चाल, तोल यांची तपासणी पडद्यावरून बऱ्यापैकी विश्वासार्ह होते. कमरेची ठेवण, नस दबली आहे का याच्या चाचण्या आणि शस्त्रक्रियेच्या व्रणाची तपासणी यांत ती कच्ची ठरते. गुडघ्याचा कोन मोजायचा तर फोन बरोबर बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर हवा. तिरका धरला की कोन खोटा दिसतो. आणि साडीत गुडघाच दिसत नाही! व्यायाम 'बघणाऱ्या' ॲपनाही हाच त्रास होतो. एक प्रचलित प्रणाली चित्रातून शरीरावरचे 33 बिंदू ओळखते आणि त्यांवरून कोन काढते, पण घोळदार कपडे आणि अंधारी खोली असली की तिचे बिंदू भरकटतात. शिवाय पाय किती उचलला हे तिला कळतं, किती जोर लावून उचलला हे नाही.

घराचा एक फायदा मात्र दवाखान्यात मिळत नाही. वर सांगितलेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचण्यांमध्ये हालचाल मोजायला वापरलेल्या 'वोमॅक' प्रश्नावलीत जिना आहे, खुर्चीतून उठणं आहे. मांडी घालणं किंवा उकिडवं बसणं नाही. आपल्याकडे बाईंची तक्रार नेमकी देवासमोर पाटावर बसण्याची किंवा भारतीय पद्धतीच्या संडासाची असते. फोन हातात घेऊन ती जागाच दाखवली, तर संडासात आधाराचा दांडा कुठे बसवायचा आणि पाटाऐवजी किती उंच स्टूल घ्यायचं, हे तिथल्या तिथे ठरतं.

काही दुखण्यांत मात्र फोनवर वेळ घालवूच नये. कंबरदुखीबरोबर लघवी-संडासवरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला, पाऊल उचलेनासं झालं, तर थेट रुग्णालय गाठावं. ताप आणि लालबुंद, गरम सांधा असेल किंवा शस्त्रक्रियेनंतर पोटरी सुजून दुखू लागली, तरीही तसंच. जखडलेल्या खांद्यात हात फक्त रुग्णाला स्वतःला वर नेता येत नाही, की दुसऱ्याने नेला तरी जात नाही, यावर निदान बरंचसं अवलंबून असतं आणि ते हात लावूनच खात्रीने कळतं. म्हणून पहिली भेट समोरासमोर आणि पुढच्या फोनवर, ही मांडणी मला सर्वात सोयीची वाटते. तालुक्याच्या गावापासून लांब राहणाऱ्या, एसटीच्या पायऱ्या चढतानाच गुडघा धरणाऱ्या माणसाला ती परवडते. व्हिडिओ भेटीची फी किती आणि मधल्या दिवसांत शंका विचारली तर चालेल का, एवढं पहिल्याच भेटीत विचारून घ्यावं.