सर्वश्रेष्ठ रॉक बँड कोणता : एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

२०२० च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीमुळे जगभरचे कार्यक्रम बंद पडलेले असताना, बीटल्स या ब्रिटिश बँडचे पॉल मॅकार्टनी यांनी अमेरिकेतील एका रेडिओ मुलाखतीत बीटल्स हे रोलिंग स्टोन्सपेक्षा सरस होते, असे सांगितले. स्टोन्सची मुळे ब्लूजमध्ये, म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या गाण्यांमध्ये, आहेत आणि बीटल्सवरचे संस्कार अधिक विविध होते, हे त्यांचे कारण. थोड्याच दिवसांत स्टोन्सचे गायक मिक जॅगर यांनी दुसऱ्या मुलाखतीत हसत उत्तर दिले : एक बँड आजही स्टेडियममध्ये वाजवतो आहे आणि दुसरा अस्तित्वातच नाही. दोघांनीही तेव्हा पंचाहत्तरी ओलांडली होती. मॅकार्टनींनी गीतरचनेचे माप लावले आणि जॅगरांनी रंगमंचाचे. ही मापे आली कुठून, ती कोणी आणि कोणत्या सोयीसाठी प्रचारात आणली, हे पाहिल्याशिवाय या वादाचा उलगडा होत नाही.

बँडची बँडशी तुलना करण्याची सवय रॉकपेक्षा जुनी आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेत स्विंग या जॅझमधील नृत्यसंगीताचा जोर असताना नृत्यगृहांचे मालक दोन वाद्यवृंदांना एकाच रात्री समोरासमोर उभे करत आणि त्यावर तिकिटे खपवत. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील सॅव्हॉय बॉलरूममध्ये ११ मे १९३७ रोजी चिक वेब आणि बेनी गुडमन यांच्या वाद्यवृंदांत झालेला सामना जॅझच्या इतिहासात आजही सांगितला जातो. शिकागोहून निघणाऱ्या 'डाउनबीट' या नियतकालिकाने १९३६ पासून वाचकांचा कौल घेण्यास सुरुवात केली. ब्रिटनमधील 'मेलडी मेकर' हे १९२६ साली सुरू झालेले पत्रही मुळात नृत्यसंगीताच्या वादकांसाठी होते. पुढे रॉकच्या चाहत्यांनी ज्या पत्रांच्या कौलांवरून वाद घातले, त्यांपैकी काहींची घडण अशा प्रकारे जॅझच्या काळातच झाली होती.

१९५० च्या दशकात रॉक अँड रोल आले तेव्हा मात्र 'श्रेष्ठ बँड कोणता' असा प्रश्न कोणी विचारत नव्हते, कारण त्या काळी नाव व्हायचे ते गायकाचे. चक बेरी, लिटल रिचर्ड, फॅट्स डोमिनो, एल्व्हिस प्रेस्ली ही सगळी एकेकट्यांची नावे होती आणि त्यांच्यामागे वाजवणारे वादक बहुधा अनामिकच राहत. ब्रिटनमधील पहिली विक्रीयादी 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस'ने नोव्हेंबर १९५२ मध्ये छापली आणि अमेरिकेत 'बिलबोर्ड'ची शंभर गाण्यांची यादी ऑगस्ट १९५८ मध्ये सुरू झाली. या याद्यांमुळे लोकप्रियतेला दर आठवड्याला क्रमांक मिळू लागला, पण तो क्रमांक गाण्याचा होता, बँडचा नव्हे.

हे चित्र बीटल्सनी बदलले. लिव्हरपूलच्या या बँडने १९६० ते १९६२ या काळात हॅम्बुर्गच्या क्लबांमध्ये रात्र-रात्र वाजवून हात बसवून घेतला होता. १९६२ च्या सुरुवातीला डेका कंपनीने त्यांना ऐकून नाकारले आणि त्याच वर्षी ईएमआयच्या पार्लोफोनने करारबद्ध केले. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी एड सुलिव्हन यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्यांना सुमारे ७ कोटी ३० लाख अमेरिकन प्रेक्षकांनी पाहिले आणि ४ एप्रिलच्या बिलबोर्ड यादीतील पहिली पाचही गाणी त्यांची होती. वादाच्या दृष्टीने मात्र या आकड्यांपेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळीच होती. हे चौघे आपली गाणी स्वतः लिहीत, स्वतः वाजवत आणि स्वतःच गात. त्यामुळे बँड हाच एक रचनाकार असतो, आणि ग्रंथकाराची जशी ग्रंथसंपदा तशी बँडची स्वतःची निर्मिती तोलता येते, ही कल्पना रूढ झाली. 'सर्वश्रेष्ठ' हे विशेषण गायकावरून बँडवर सरकले ते इथे.

सरस ठरवायचे तर दुसरी बाजूही लागते, आणि ती पुरवण्याचे काम रोलिंग स्टोन्सचे व्यवस्थापक अँड्र्यू लूग ओल्डहॅम यांनी केले. त्यांनी काही काळ बीटल्सच्या प्रसिद्धीचे काम पाहिलेले होते, म्हणून नेमके कशाच्या उलट दिसायचे हे त्यांना ठाऊक होते. बीटल्स नीटनेटके, तर स्टोन्स विस्कटलेले. बीटल्स आईवडिलांना चालणारे, तर स्टोन्स न चालणारे. आपल्या बहिणीला स्टोन्सच्या एखाद्या पोराबरोबर जाऊ द्याल का, अशा अर्थाचा मथळा 'मेलडी मेकर'ने मार्च १९६४ मध्ये छापला, तो याच प्रतिमेचा परिणाम होता. प्रत्यक्षात दोन्ही बँडांचे एकमेकांकडे जाणे-येणे होते आणि स्टोन्सच्या १९६३ मधील दुसऱ्या तबकडीवरचे गाणे लेनन आणि मॅकार्टनी यांनीच लिहून दिले होते. चाहत्यांच्या भांडणात हा तपशील सहसा कोणी काढत नाही.

'जगातील सर्वश्रेष्ठ रॉक अँड रोल बँड' हे शब्दही स्टोन्सना चिकटले ते रंगमंचावरून. १९६९ च्या अमेरिका दौऱ्यात सूत्रसंचालक सॅम कटलर त्यांची ओळख याच शब्दांत करून देत, आणि १९७० साली निघालेल्या त्या दौऱ्याच्या ध्वनिमुद्रणाच्या आरंभीच ती घोषणा ऐकू येते. त्या दौऱ्याच्या वेळी बीटल्सनी प्रेक्षकांसमोरचे दौरे थांबवून तीन वर्षे झाली होती, कारण त्यांचा शेवटचा तिकीट लावलेला कार्यक्रम ऑगस्ट १९६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला झाला होता. १९७० च्या एप्रिलमध्ये ते विभक्त झाल्याचे जाहीर झाले. थोडक्यात, कार्यक्रमापूर्वी गर्दीला चेतवण्यासाठी केलेली ही घोषणा होती, आणि प्रतिस्पर्धी मैदान सोडून गेल्यामुळे ती खरी वाटू लागली, असे माझे मत आहे.

याच सुमारास या वादाला लेखी भाषा मिळाली. १९६६ साली 'क्रॉडॅडी' हे रॉकविषयी गंभीरपणे लिहिणारे पत्र निघाले आणि नोव्हेंबर १९६७ मध्ये यान वेनर आणि राल्फ ग्लीसन यांनी सॅन फ्रान्सिस्कोत 'रोलिंग स्टोन' हे नियतकालिक सुरू केले. मधल्या काळात, जून १९६७ मध्ये, बीटल्सचा 'सार्जंट पेपर' आला होता आणि सुट्या गाण्यांऐवजी संपूर्ण अल्बम हे परीक्षणाचे एकक होऊ लागले होते. 'रॉक अँड रोल'चे नुसते 'रॉक' झाले तेही याच काळात. या बदलाची दुसरी बाजू फारशी बोलली जात नाही. प्रश्न 'बँड'चा आणि निकष 'अल्बम'चा असला की ज्यांनी हे संगीत घडवले ते चक बेरी आणि लिटल रिचर्ड आपोआप स्पर्धेबाहेर जातात, कारण ते एकेकटे होते आणि त्यांची कामगिरी सुट्या गाण्यांची होती. मोटाउन या अमेरिकन ध्वनिमुद्रण कंपनीचे कृष्णवर्णीय गायकवृंद स्वतः वाजवत नाहीत म्हणून गळतात. उरतात ते बहुतांशी ब्रिटनमधील गोरे तरुण, ज्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे ब्लूज तबकड्यांवरून शिकून घेतले होते. प्रश्नाच्या मांडणीतच अर्धे उत्तर असावे, असा हा प्रकार आहे.

लेड झेपेलिन या ब्रिटिश बँडने वादात गर्दीचे माप आणले. १९७० च्या 'मेलडी मेकर'च्या वाचककौलात त्यांनी बीटल्सना पहिल्या स्थानावरून खाली आणले, आणि ५ मे १९७३ रोजी फ्लोरिडातील टॅम्पा येथे ५६,८०० श्रोते जमवून १९६५ च्या न्यूयॉर्कमधील शे स्टेडियमचा ५५,६०० चा बीटल्सचा विक्रम मोडला. 'रोलिंग स्टोन'ने मात्र १९६९ साली त्यांच्या पहिल्या अल्बमची चांगलीच टर उडवली होती. समीक्षक एका बाजूला आणि तिकीट काढणारे दुसऱ्या बाजूला, ही या वादातील कायमची फूट तेव्हापासून स्पष्ट दिसते.

खपाचे माप त्याच दशकात पक्के झाले. अमेरिकेतील ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेने १९७६ साली दहा लाख प्रतींसाठी 'प्लॅटिनम' हा दर्जा ठरवला आणि तो मिळवणारा पहिला अल्बम ईगल्सच्या निवडक गाण्यांचा होता. पिंक फ्लॉइडचा मार्च १९७३ मधील 'द डार्क साइड ऑफ द मून' १९८८ पर्यंत बिलबोर्डच्या यादीत ७४१ आठवडे राहिला. १९७६-७७ च्या पंक बँडांनी या सगळ्या थोरांना म्हातारे ठरवून मोडीत काढायचा प्रयत्न केला; काही वर्षांतच त्यांच्यापैकी द क्लॅशचे नावही त्याच थोरांच्या यादीत जाऊन बसले.

क्वीनचे प्रकरण मराठी वाचकाला जवळचे वाटावे असे आहे. या ब्रिटिश बँडचे गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे झांझिबारच्या पारशी घरातील फारुख बलसारा, आणि त्यांचे शिक्षण पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत झाले. तिथल्या 'द हेक्टिक्स' या शाळकरी बँडमध्ये ते पियानो वाजवत. १३ जुलै १९८५ रोजी वेम्ब्ली स्टेडियमवरील 'लाइव्ह एड' कार्यक्रमात क्वीनने सुमारे वीस मिनिटांत जे केले, त्यामुळे आयुष्यभराच्या निर्मितीऐवजी एका संध्याकाळच्या सादरीकरणावरून बँडला श्रेष्ठ ठरवण्याची वाट मोकळी झाली. मुंबईचा या इतिहासाशी आणखीही धागा आहे. बीटल्सचे जॉर्ज हॅरिसन यांनी जानेवारी १९६८ मध्ये मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत भारतीय वादकांसह ध्वनिमुद्रण केले, आणि १९७२ साली लेड झेपेलिनच्या जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट यांनीही मुंबईतल्या वादकांना घेऊन आपली दोन गाणी नव्याने मुद्रित करून पाहिली. १९८६ पासून धोबी तलावाजवळच्या रंगभवनात 'इंडिपेंडन्स रॉक' भरू लागला, तेव्हा तिथे जमणाऱ्या पोरांमध्ये हाच वाद अस्सल मुंबईच्या हिंदी-इंग्रजीत रंगत असे.

वादाला संस्थेचे रूप दिले ते कलाकारांची निवड करून त्यांचा सन्मान करणाऱ्या अमेरिकेतील 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'ने. तिचे फाउंडेशन १९८३ साली स्थापन झाले आणि पहिली निवड १९८६ मध्ये झाली. पहिल्या तबकडीला पंचवीस वर्षे झाल्याशिवाय कोणाचा विचार होत नसे, त्यामुळे कलाकार म्हणून निवडलेल्या पहिल्या दहा नावांत एव्हर्ली बंधूंची जोडी सोडली तर सगळे एकेकटेच होते आणि आजच्या अर्थाने बँड एकही नव्हता. बीटल्सची निवड १९८८ मध्ये झाली. त्यांच्या सन्मानाचे भाषण केले मिक जॅगर यांनी, आणि पॉल मॅकार्टनी समारंभाला आलेच नाहीत, कारण जुन्या सहकाऱ्यांशी त्यांचे व्यावसायिक तंटे चालू होते. या संस्थेच्या उभारणीतही 'रोलिंग स्टोन'चे वेनर होतेच. म्हणजे याद्या छापणारा आणि सन्मान देणाऱ्यांत बसणारा माणूस अनेक वर्षे एकच होता. कृष्णवर्णीय आणि स्त्री कलाकारांविषयीच्या त्यांच्या वक्तव्यानंतर सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांना फाउंडेशनच्या संचालक मंडळातून दूर करण्यात आले.

याद्याही तोपर्यंत बदलल्या होत्या. 'रोलिंग स्टोन'च्या २००३ आणि २०१२ च्या पाचशे अल्बमांच्या यादीत 'सार्जंट पेपर' पहिला होता. २०२० मध्ये नव्या, अधिक तरुण आणि विविध मतदारांनी पहिले स्थान गायक मार्विन गे यांच्या १९७१ च्या अल्बमला दिले आणि 'सार्जंट पेपर' चोविसाव्या क्रमांकावर गेला. अल्बम जुनेच, मतदार मात्र नवे, आणि बँडऐवजी गायक वर आला, ही बाब मला क्रमांकापेक्षा अधिक बोलकी वाटते.

मॅकार्टनी आणि जॅगर यांच्यापुरते सांगायचे तर, ऑक्टोबर २०२३ मध्ये स्टोन्सचा 'हॅकनी डायमंड्स' हा अल्बम आला आणि त्यातील एका गाण्यात बास गिटार वाजवली आहे पॉल मॅकार्टनी यांनी. पुढच्याच महिन्यात जॉन लेनन यांच्या जुन्या कॅसेटमधला आवाज संगणकाच्या मदतीने वेगळा काढून पूर्ण केलेले बीटल्सचे गाणे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. फेब्रुवारी २०२५ मधील ग्रॅमी समारंभात सर्वोत्तम रॉक सादरीकरणाचा पुरस्कार बीटल्सना मिळाला आणि सर्वोत्तम रॉक अल्बमचा रोलिंग स्टोन्सना.